तांडेल सरांच्या नावावरची एक चूक

“आठवडाभर काय काय करता ते आधी कागदावर लिहून आणा. कॉम्प्युटरचं मग बघू.”

श्री. जनार्दन तांडेल यांच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले वाक्य. त्याला आता चौदा वर्षे होतील. साकीनाक्याच्या एका आतल्या गल्लीत, लेथ चालणाऱ्या दोन गाळ्यांच्या मधोमध त्यांचे लहानसे दुकान होते. अंधेरीच्या ज्या ऑफिसात मी पुस्तकांची अक्षरजुळणी करत होते ते नुकतेच बंद झाले होते आणि घाटकोपरला घरीच बसून स्वतंत्र काम सुरू करायचे मी ठरवले होते. मशीन आजच घेऊन जायचे या तयारीने मी बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती. सरांनी माझ्याकडे पाहिले, मग रिक्षाकडे पाहिले आणि म्हणाले, “त्याला सोडा. उगाच मीटर कशाला वाढवता?”

मी चिडले होते, हे कबूल करते. तरी आठ दिवस वहीत लिहिले. पाने लावणे, मुद्रितांवरच्या दुरुस्त्या घालणे, मेल पाठवणे, आईचे विजेचे बिल भरणे, भाचीला शाळेसाठी चित्रे छापून देणे. सर एकेका ओळीवरून पेन्सिल फिरवत गेले. यातले जवळजवळ सगळे लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर, आरामात होईल, असे म्हणाले. पेन्सिल अडकली ती एकाच ओळीवर. मराठी पाने लावण्याचा माझा प्रोग्रॅम जुना होता आणि फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. चालताना मशीनच्या मागे त्याचे डोंगल, म्हणजे परवान्याचे बोटभर कुलूप, लावलेले असावे लागे. माझी आधीची सगळी पुस्तके त्याच प्रोग्रॅममध्ये होती. त्या दिवशी रिक्षात घालून नवे कोरे मशीन नेले असते तर ती पुस्तके त्यावर उघडली नसती, आणि हे मला घरी गेल्यावर कळले असते.

सरांनी मला एका कंपनीतून निघालेला जुना डेस्कटॉप दिला. मेमरी वाढवली, जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, बसवली, त्यावर लिनक्स घातले आणि लिनक्सच्या आत एक व्हर्च्युअल मशीन उभे करून त्यात माझे जुने विंडोज ठेवले. “घरातल्या घरात एक खोली काढली असं समज,” ते म्हणाले. “आतल्या खोलीला वाटतं आपणच घर आहोत. वाटू दे तिला. पण तिला इंटरनेट द्यायचं नाही, आणि कामाच्या फायली तिच्यात ठेवायच्या नाहीत. त्या बाहेरच्या फोल्डरात.” पहिल्या भेटीतले ‘अहो’ तोपर्यंत ‘अगं’वर आले होते आणि ते कायमचे तिथेच राहिले.

येत्या महिन्यात सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा सोबत एक चिठ्ठी होती. ‘स्नॅपशॉटची गोष्ट तुम्हीच लिहा, ती तुमच्याच घरी घडली.’ सरांच्या वर्गाला आलेल्या प्रत्येकाला ती गोष्ट ठाऊक आहे, कारण सर ती पहिल्याच दिवशी सांगतात. आपल्या हातून एका बाईंचे तीन आठवड्यांचे काम कसे पुसले गेले, ती ही गोष्ट. सर सांगतात तेवढी ती खरी आहे, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी माझी आहे आणि अकरा वर्षे मी ती कोणाला सांगितलेली नाही. त्यामुळे एक चूक सरांच्या नावावर बसली आहे. ती तिथून काढावी म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. पण आधी सरांविषयी लिहायला हवे, कारण सर कसे काम करतात हे माहीत नसेल तर त्या चुकीचे वजन कळणार नाही.

सर मनोरीचे. वडील आणि थोरले भाऊ मासेमारीत होते. सरांना मात्र बोट लागायची. कोळ्याच्या मुलाला बोट लागते, हे ते स्वतःच हसत हसत सांगतात. मार्वेची फेरीबोट ते आयुष्यभर रोज पकडत आले, “एवढी खाडी सोसते मला,” असे म्हणत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ मेंटेनन्स खात्यात काढला. कारखान्याने टाकून दिलेले कॉम्प्युटर घरी आणून, उघडून, जोडून ते शिकले. लिनक्सकडे ते वळले ते कुठल्या चळवळीच्या ओढीने नाही. बिघडले तर आत काय चालले आहे ते बघता येते, एवढे एकच कारण ते देतात.

वस्तू विकत घेण्याआधी आतून बघायची, हा त्यांचा स्वभावच आहे. मला लॅपटॉप घ्यायचा होता तेव्हा ते माझ्याबरोबर घाटकोपरच्या दुकानात आले. खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि काउंटरवर मांडलेल्या लॅपटॉपला लावला. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू होते, आतल्या डिस्कला धक्काही लागत नाही, आणि वायफाय, आवाज, पडदा सगळे त्यावर चालते की नाही ते घ्यायच्या आधीच कळते. पण विक्रेता घाबरला. “काका, हे काय घालताय? वाट लागेल मशीनची.”

सरांनी त्याला विचारले, घरी मासळी कोण आणते. तो म्हणाला, आई.

“आई कल्ला वर करून बघते की नाही?”

“बघते ना.”

“मग मी तेच करतोय.”

त्या लॅपटॉपचे वायफाय लागले नाही. विक्रेत्याने मग आपणहून आणखी दोन काढून दिले आणि शेवटी तोही वाकून बघू लागला. तिसरा आम्ही घेतला. तो अजून चालतो.

व्हर्च्युअल मशीन हा सरांचा हातखंडा, पण ते कुठे वापरायचे नाही हेही ते तितकेच ठामपणे सांगतात. साकीनाक्याच्या एका कारखानदारांकडे पत्रा कापायचे यंत्र होते आणि ते चालवणारा कॉम्प्युटर पार म्हातारा झाला होता. माझ्यासारखेच त्यांचेही जुने विंडोज नव्या मशीनच्या आत घालून द्या, असे त्यांचे म्हणणे. सरांनी साफ नकार दिला. “ह्या बाईचं काम एक सेकंद उशिरा झालं तर ती चहा पिते,” माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. “तुमच्या पात्याजवळ माणसाचा हात असतो.” त्यानंतर कित्येक महिने भंगारवाल्यांकडे फिरून त्यांनी त्याच जातीचे दोन जुने मदरबोर्ड मिळवले. एक बसवला, दुसरा तपासून, पिशवीत बांधून कारखान्याच्या माळ्यावर ठेवला. कारखानदार पुटपुटत राहिले की एवढी माहिती असलेला माणूस नवीन काही करत नाही. सरांनी ते मनावर घेतले नाही. बोरिवलीच्या एका हिशेबनीस बाई लिनक्स शिकायला म्हणून आल्या, तेव्हाही त्यांचे करभरणीचे प्रोग्रॅम पाहून सरांनी त्यांना परत पाठवले. तुमचे आहे ते नीट चालले आहे, मोडू नका, असे सांगून.

मरोळच्या एका गाळ्यात दर रविवारी सकाळी त्यांचा वर्ग भरतो. गाळा एका जुन्या सहकाऱ्याचा. त्या वर्गाचा एकच नियम आहे आणि तो सरांनी स्वतःला घातलेला आहे: शिकणाऱ्याच्या कीबोर्डला ते हात लावत नाहीत. दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहतात आणि तोंडाने सांगतात. कितीही वेळ लागो. एकदा एका निवृत्त नर्सबाई काळ्या पडद्यावर पासवर्ड टाइप करत होत्या. लिनक्समध्ये तिथे टाइप केलेले काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. त्यांना वाटले कीबोर्डच बिघडला.

“सर, काहीच उमटत नाही हो.”

“उमटणार नाही. टाइप करत राहा.”

“दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवू?”

“इंजेक्शन दिल्यावर औषध आत कुठे गेलं ते दिसायचं का तुम्हाला?”

बाई हसल्या आणि पुन्हा टाइप करू लागल्या. पाच वेळा चुकला, सहाव्यांदा लागला. सर तोवर हात मागे धरून उभेच होते. हात मागे का, असे कोणी विचारले की सर स्नॅपशॉटची गोष्ट सांगतात. तेव्हा आता त्या सकाळकडे येते.

स्वतंत्र काम सुरू करून मला तीन वर्षे झाली होती. मुलुंडच्या एका प्रकाशकांनी पहिल्यांदाच मोठे पुस्तक दिले होते. उपनगरांतल्या जुन्या विहिरींवरचे, एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलेले. शिक्षक आजारी होते आणि पुस्तक लवकर हातात यावे अशी त्यांची इच्छा होती. हे काम नीट झाले तर त्या प्रकाशकांची पुढची सगळी पुस्तके माझ्याकडे येणार होती. घर तेव्हा माझ्या एकटीच्या कामावर चालत होते.

माझा जुना प्रोग्रॅम बाहेरच्या फोल्डरात फाइल साठवताना मधूनच अडकायचा. म्हणून तीन आठवडे मी फायली आतल्या विंडोजच्या डेस्कटॉपवरच ठेवत होते. संध्याकाळी बाहेर हलवू, असे रोज ठरवायचे. पहिली पाच प्रकरणे हलवलीही होती. पुढची नऊ राहिली. मग कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून एक फॉन्ट घेतला, त्याच्याबरोबर आणखी काहीतरी आत आले आणि एका सकाळी आतले विंडोज सुरूच होईना.

मी फोन केला. सर आले, माझ्या खुर्चीत बसले, थोडी खटपट करून पाहिली. व्हर्च्युअल मशीन आहे त्या स्थितीत जसेच्या तसे राखून ठेवता येते, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. महिन्यापूर्वी सरांनीच एक घेऊन ठेवला होता. त्यावर परत गेले की मशीन महिन्यापूर्वीसारखे होते आणि मधले चांगलेवाईट सगळे जाते. सरांनी वळून विचारले, “फायली सगळ्या बाहेर आहेत ना?”

मी म्हणाले, “हो.”

हे ‘हो’ मी नंतर पुष्कळदा उलगडून पाहिले आहे. नऊ प्रकरणांचा मला पूर्ण विसर पडला होता, असे म्हणवत नाही. कुठेतरी टोचले होते. पण सरांनी मशीन देतानाच सांगितलेली एक साधी गोष्ट मी पाळली नाही, हे त्यांना कळू द्यायचे नव्हते. थांबा, एकदा बघते, असे म्हणायला तीन शब्द पुरले असते. त्याऐवजी चांगल्या विद्यार्थिनीचे उत्तर तोंडातून गेले.

पडद्यावर प्रोग्रॅमने विचारले की आत्ताची स्थितीही राखून ठेवायची का. त्या ओळीपुढच्या चौकोनात तशी खूण होती. डिस्कवर जागा कमी राहिली होती, म्हणून सरांनी ती खूण काढली आणि पुढे गेले. दोन मिनिटांत आतले विंडोज झकास सुरू झाले. डेस्कटॉप मोकळा होता.

सरांना माझ्या चेहऱ्यावरून कळले. त्यांनी दुपारपर्यंत पुसलेल्या फायली परत काढायचा प्रयत्न केला, पण एसएसडीवर ते जमत नाही हे त्यांनाही माहीत होते. मग मला म्हणाले, चल, मुलुंडला जाऊन येऊ.

प्रकाशकांसमोर सर बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “फायली माझ्या हातून गेल्या. बाईंची ह्यात काही चूक नाही. आम्हाला बारा दिवस द्या.” प्रकाशकांनी माझ्याकडे पाहिले. मी टेबलावरच्या कात्रीकडे पाहत राहिले. त्यांनी बारा दिवस दिले. मात्र त्यांच्या कार्यालयातली आठ मशीने लिनक्सवर न्यायचे काम त्यांनी सरांना देऊ केले होते, ते त्यानंतर दुसऱ्याकडे गेले.

बाहेर टपरीवर मी म्हणाले, “सर, मी हो म्हटलं होतं.”

“चहा घे आधी.”

“सर, पण मी...”

“तुला ह्या माणसाकडे अजून पुष्कळ वर्षं काम करायचंय. मला नाही करायचं.” मग त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि दुरुस्त्यांचे कागद घरी नीट आहेत ना, असे विचारले. या वेळी मी ते घरी जाऊन, मोजून मग फोनवर सांगितले.

पुढचे बारा दिवस सर रोज मनोरीहून माझ्या घरी आले. शिक्षकांनी लाल शाईने दुरुस्त केलेले कागद ते मोठ्याने वाचत आणि मी घालत जाई. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांच्याबरोबर तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पाठवत. “तिला म्हणावं, आधी खा गो, मग पुस्तक,” असा त्यांचा निरोप रोज डब्याबरोबर यायचा. आठव्या प्रकरणात मनोरीच्या एका विहिरीचे पाणी खारट असल्याचे लिहिले होते. सर वाचता वाचता थांबले. त्या विहिरीचे पाणी पिऊन मी मोठा झालो, म्हणाले, आणि तिथूनच त्यांनी शिक्षकांना फोन लावला. आजारी माणूस आणि सर त्या पाण्यावर अर्धा तास बोलले. वाक्य बदलले. पुस्तक वेळेवर झाले आणि शिक्षकांनी ते हातात घेतले.

त्यानंतरच्या रविवारी मी वर्गाला गेले होते. नवी मंडळी होती. सरांनी ही गोष्ट तिथे पहिल्यांदा सांगितली. “माझ्या हातून एका बाईंचं तीन आठवड्यांचं काम गेलं. मी बघितलं नाही, आणि दुसऱ्याच्या मशीनला हात लावला.” एवढे बोलून त्यांनी हात मागे घेतले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. बाकीच्यांनी वहीत टिपून घेतले, तसे मीही टिपून घेतले.

तेव्हा बोलले नाही आणि मग राहूनच गेले. मुलुंडची पुस्तके येत राहिली. सर प्रत्येक नव्या तुकडीला गोष्ट सांगत राहिले. त्यांच्यासारखा काळजीपूर्वक माणूसही कसा चुकतो, याचे उदाहरण म्हणून लोक ती बाहेरही सांगू लागले. एकदा एका समारंभात अनोळखी गृहस्थांनी मला ती ऐकवली आणि पुढे म्हणाले, तांडेल चांगले आहेत हो, पण जरा सांभाळूनच. मी हसल्यासारखे केले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

हा लेख लिहायच्या आधी मी मुलुंडला जाऊन आले. प्रकाशक आता थकले आहेत. सगळे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “त्यांना फोन लावून द्या.” मी लावून दिला, आवाज मोठा करून समोर ठेवला. प्रकाशकांनी सांगितले की आपल्याला आज खरे काय ते कळले.

“अहो, तिचं काय ऐकता,” सर म्हणाले. “चौकोनातली खूण कोणी काढली? मी. तिने नुसतं हो म्हटलं.”

“त्या ‘हो’वरच तुम्ही खूण काढलीत ना पण?”

“म्हणूनच सांगतो. मी मेंटेनन्सचा माणूस. स्विच बंद आहे का, असं विचारून कोणी तारेला हात लावतो काय? जाऊन बघायचं असतं.” मग त्यांनी प्रकाशकांना त्यांची मशीने कशी चालली आहेत ते विचारले. पुढची वीस मिनिटे दोघे त्यावरच बोलत होते. मी समोर बसून होते आणि माझा विषय संपला होता.

सरांचे म्हणणे मला कळते. आपण स्वतः जाऊन बघावे, हे ते पंचाहत्तराव्या वर्षीही शिकवतात आणि ते बरोबरच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, सर, की तुमच्या गोष्टीतून विचारणाऱ्याने काय करावे ते कळते. ज्याला विचारले त्याने काय करावे, हे त्यात येत नाही. वर्गात माझ्यासारखीही कोणीतरी बसलेली असते. तिला तुमच्यापुढे हुशार दिसायचे असते. थांबा, बघून सांगते, असे म्हणण्यात कमीपणा नाही, हे तिला कळायला मधला तो प्रश्न आणि ते उत्तर ऐकावे लागेल.

तुम्हाला आणि काकूंना खूप वर्षे मिळोत. डोळे असेच पेन्सिलीची बारीक ओळ वाचणारे राहोत, गुडघे मनोरीच्या धक्क्यावर चढउतार करू देत, आणि मरोळच्या गाळ्यात तुमचे रविवार संपूच नयेत. आम्हा सगळ्यांच्या वतीने एवढे मागून झाल्यावर एक विनंती माझी एकटीची. पुढच्या रविवारी नव्या मंडळींना गोष्ट सांगाल, तेव्हा तुम्ही मला काय विचारलेत आणि मी काय सांगितले, ते माझ्या नावासकट त्यात घाला. तुम्ही नाही म्हणणार, हे ठाऊक आहे. तरी मी समोर येऊन बसणार आहे.